टॅलोवाचं पहिलेपण

कोणत्याही सुधारणेला पन्नास वर्षं झाली की तिला विरोध करणाऱ्यांची संख्या आपोआप शून्यावर येते. समाजशास्त्राने हा नियम अजून मान्य केलेला नाही; पण अलाबामातल्या टॅलोवा गावात तो सिद्ध झालेला आहे. टॅलोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या (म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडण्याच्या खेळाच्या) संघातून पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला, तेव्हा त्या मैदानात तीस हजार प्रेक्षक मावत होते. त्या दिवशी आपण उभं राहून टाळ्या वाजवल्या असं आज शपथेवर सांगणाऱ्यांची संख्या (अधिकृत अंदाजानुसार) एक लाखाच्या पुढे गेली आहे आणि दरवर्षी वाढते आहे. यांतले काहीजण तेव्हा जन्मलेही नव्हते. पण घरच्या संस्कारांमुळे त्यांनीही वाजवल्या असाव्यात.

त्या खेळाडूचं नाव थॅडियस मॅबरी. त्याला टाळ्या आठवत नव्हत्या. उकडलेल्या शेंगांची एक ओली पुडी आपल्या हेल्मेटवर येऊन फुटली, एवढं मात्र आठवत होतं. पण तो तेव्हा धावत होता, आणि धावणाऱ्या माणसाचं निरीक्षण कुणी ग्राह्य धरत नाही.

टॅलोवाने काळ्या मुलांना संघात का घेतलं, याबद्दल दोन मतं आहेत. पहिलं मत विद्यापीठाचं : समतेची ओढ. दुसरं मत असं, की त्याच्या आदल्या हंगामात कॅलिफोर्नियाहून एक संघ आला, त्यातली निम्मी मुलं काळी होती, आणि त्यांनी टॅलोवाला घरच्या मैदानावर असं तुडवलं, की बँडवाल्यांनी मध्यंतरातच वाद्यं गुंडाळली. त्याआधी कोर्टाचे निकाल लागले होते, मोर्चे निघाले होते, लष्करही येऊन गेलं होतं. टॅलोवाचं मन वळलं नव्हतं. ते त्या सामन्याच्या शनिवारी दिवस मावळायच्या आत वळलं. सोमवारी खुद्द कोच थॅडियसच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून पीच घालून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ दुसऱ्यांदा मागून घेत होते.

"बाईसाहेब," कोच तोंड पुसत म्हणाले, "आमचं दार तर कायम उघडंच होतं."

"असेल हो," आई म्हणाली. "आम्हाला फाटकावरूनच परत पाठवायचे, त्यामुळे दारापर्यंत येणं कधी झालं नाही."

आता ब्रॅक्स्टनबद्दल सांगणं भाग आहे. नदीपलीकडचं ब्रॅक्स्टन विद्यापीठ आणि टॅलोवा यांच्यात शंभर वर्षांचं वैर आहे. टॅलोवाच्या संघाला 'खेचरं' म्हणतात आणि ब्रॅक्स्टनच्या संघाला 'कासवं'. (या शिव्या नाहीत, अधिकृत नावं आहेत. शिव्या वेगळ्या आहेत.) या भागात मिश्रविवाह म्हणतात तो खेचरांच्या मुलाने कासवांची मुलगी केली तर; अशा लग्नात पाद्री दोन्ही घरच्यांना वेगवेगळ्या बाजूंना बसवतो आणि शक्यतो नोव्हेंबर, म्हणजे दोघांच्या सामन्याचा महिना, टाळतो. संघात काळा मुलगा घ्यायचाच आहे असं ठरल्यावर 'पहिला' हा कलंक आपल्या एकट्याच्या कपाळी नको, म्हणून दोन्ही विद्यापीठांच्या अध्यक्षांनी फोनवर बोलून एकच शनिवार मुक्रर केला. त्या दुपारी, आपापल्या मैदानावर, टॅलोवाने थॅडियसला उतरवलं आणि ब्रॅक्स्टनने लमार टिसडेल नावाच्या मुलाला. आपापल्या समर्थकांना दोघांनीही सांगितलं, की आधी तिकडच्यांनी घाण केली, मग आमचा नाइलाज झाला.

पन्नास वर्षांत कलंकाचा मान झाला. ब्रॅक्स्टनने जाहीर केलं, की त्या शनिवारच्या येत्या वर्धापनदिनी 'राज्यातल्या समतेचे अग्रदूत' म्हणून ते स्वतःचा सत्कार करणार आहेत. हे ऐकून टॅलोवा पेटून उठलं. ज्या घरांनी एकेकाळी थॅडियसला संघातून काढा म्हणून पत्रकं वाटली होती, ती घरं आता त्याच्या पहिलेपणावर कुणी बोट ठेवू नये म्हणून पत्रकं वाटू लागली. स्मारक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष होबार्ट क्रेनशॉ. गावातलं मोटारींचं मोठं दुकान त्यांचं. ते एका दुपारी थॅडियसच्या ओसरीवर येऊन बसले.

थॅडियसची सत्तरी उलटली होती. पोस्टातून निवृत्त होऊन तो भेंडी आणि टोमॅटो लावायचा. उजवा गुडघा विद्यापीठाच्या सेवेत गेला होता.

"मिस्टर मॅबरी, बारा फुटी पुतळा करतोय आम्ही तुमचा, ब्राँझचा," होबार्ट म्हणाले. "तुम्ही फक्त त्या दिवशी माइकवर सांगायचं, की तुम्ही त्या टिसडेलच्या आधी मैदानात उतरलात."

"लमार नदीपलीकडे होता. मला कसं कळणार तो कधी उतरला ते?"

"मनातून जाणवलं असेल ना काहीतरी!"

"मनातून मला उलटी होईल असं जाणवत होतं."

थॅडियसची बायको अर्नेस्टीन गोड चहाचे गार पेले घेऊन बाहेर आली. तिने एक पेला होबार्टच्या हातात दिला, दुसरा नवऱ्याच्या. मग ती उभीच राहिली.

"पुतळा राहू दे," ती म्हणाली. "त्याची पदवी द्या."

होबार्टचा चेहरा गंभीर झाला. हे प्रकरण त्यांना ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण ते प्रकरण आहे असं कुणाला वाटत नसे. टॅलोवा विद्यापीठाचा जुना नियम असा, की पोहण्याची परीक्षा दिल्याशिवाय पदवी मिळत नाही. तलावाची एक लांबी, न थांबता. थॅडियस विद्यापीठात आला त्याच महिन्यात तलावाची दुरुस्ती निघाली. दुरुस्ती वर्षभर चालली. मग कोर्टाने विचारलं, की तलाव सर्वांसाठी कधी उघडणार. तेव्हा विद्यापीठाने एका रात्रीत त्यात माती भरली आणि वर मॅग्नोलियाची झाडं लावली, पर्यावरणाच्या दृष्टीने. गोऱ्या मुलांची परीक्षा गावातल्या क्लबच्या तलावात होऊ लागली. क्लब खासगी होता. शेवटच्या वर्षी थॅडियसचा गुडघा फुटला, शिष्यवृत्ती थांबली. बाकी सगळे विषय सुटले होते. पोहणं तेवढं राहिलं.

"त्यात अडचण अशी आहे," होबार्ट म्हणाले, "की विद्यापीठाचा एक दर्जा आहे. कुणा एकासाठी नियम वाकवला तर समतेच्या तत्त्वाला बाधा येते. आपण तरी तसं करू नये."

"हं," थॅडियस म्हणाला.

"एक वाट आहे पण. मरणोत्तर पदवीला पोहण्याची अट नाही. तुमची थोडं थांबायची तयारी असेल तर..."

"अंदाजे किती?" अर्नेस्टीनने विचारलं.

होबार्टनी चहा संपवला. जाताना ते म्हणाले, की पुतळ्याची जागा मात्र सुरेख मिळाली आहे. मॅग्नोलियाच्या झाडांखाली, सावलीत.

ते गेल्यावर थॅडियसला आई आठवली. आई जाईपर्यंत तो तिला सांगत आला होता, की पदवीचा कागद पोस्टात अडकलाय. तो स्वतःच पोस्टात होता, त्यामुळे आईला हसू यायचं. पण तिने एकदाही विषय सोडला नव्हता.

"पोहता येतं ना तुला अजून?" अर्नेस्टीन म्हणाली.

"नदीत वाढलोय मी."

"मग घे म्हणावं परीक्षा. आता तर काचेचा महाल बांधलाय त्यांनी पोहायला. गरज त्यांना आहे, तुला नाही. गरजवंताला एकदा तरी बघू दे की रांगेत उभं राहून."

दुसऱ्या दिवशी तो लमारला भेटायला गेला. लमार आणि थॅडियस यांनी एकमेकांविरुद्ध तीन हंगाम हाडं मोडून घेतली होती. नंतरची पंचेचाळीस वर्षं ते दर आठवड्याला एकत्र मासे पकडत होते. ही गोष्ट दोन्ही विद्यापीठांपासून त्यांनी लपवलेली नव्हती. कुणी विचारली नव्हती.

"तुझ्याकडेही आले का?" थॅडियसने विचारलं.

"आले तर! ब्रॅक्स्टनवाले पार्किंगला माझं नाव देतायत. मोठं आहे, तीन मजली," लमार म्हणाला. "मी विचारलं, मला गाडी लावता येईल ना तिथे? म्हणाले, पास लागेल."

"आणि बदल्यात?"

"सांगायचं की मी तुझ्या आधी उतरलो. अरे, त्या दिवशी कोचने मागून ढकललं म्हणून उतरलो मी. लेका, पहिला कोण हेच विचारायचं असेल तर त्या कोचच्या हाताला विचारा ना!"

दोघं हसले. मग गळ पाण्यात सोडून त्यांनी काहीतरी ठरवलं. ते दोघांनीही घरी सांगितलं नाही.

थॅडियसने समितीला निरोप धाडला : आधी परीक्षा, मग माइक. समितीने उपसमिती नेमली. नियम न वाकवता माणसाला वाकवता येत असेल तर हरकत नाही, असा निर्वाळा उपसमितीने दिला, आणि वर्धापनदिनाच्या सकाळीच परीक्षा ठेवली. देणगीदारांना पुढच्या रांगेच्या खुर्च्या देण्यात आल्या.

काचेच्या महालात थॅडियस पोहण्याच्या चड्डीत उभा राहिला तेव्हा त्याचा गुडघा सगळ्यांना दिसला. जुनी, वेडीवाकडी शिवण होती. कुणीतरी फोटो काढला. त्याने पाण्यात उडी मारली नाही. दांड्याला धरून तो हळू उतरला, जसा नदीत उतरायचा. आणि निघाला. उजवा पाय मागे नुसता फरपटत होता, त्यामुळे तो तिरका जायचा आणि पुन्हा सरळ यायचा. निम्म्यावर त्याला धाप लागली. त्याने डोकं वर काढलं. देणगीदार घोषणा देऊ लागले, "खेचरं! खेचरं!" त्यांची भावना चांगली होती. अर्नेस्टीन काठाकाठाने त्याच्या बरोबरीने चालत होती आणि एवढंच म्हणत होती, "ये. ये. ये, थॅड."

तो पोहोचला. काठ धरून तसाच राहिला, तोंड भिंतीकडे करून. वर यायला तयार होईना. परीक्षकाला वाटलं काही झालं असावं. तो वाकला, तर अर्नेस्टीनने त्याला हातानेच मागे सारलं. ती गुडघ्यांवर बसली आणि टॉवेल नवऱ्याच्या डोक्यावर टाकला, तोंड झाकेल असा.

"औषध फार घालतात यांच्या पाण्यात," थॅडियस टॉवेलाच्या आतून म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "माझेही डोळे चुरचुरतायत."

दुपारी पदवी मिळाली. कुलसचिवांनी ती देताना थॅडियसचं 'जलक्रीडेतील विलंबित पण निर्विवाद यशाबद्दल' अभिनंदन केलं. मग पुतळ्यावरचा पडदा सरकला. ब्राँझचा थॅडियस तरुण होता, दोन्ही गुडघ्यांनी धडधाकट होता, आणि हसत होता. मॅग्नोलियांखाली माणसं दाटली होती. होबार्टनी माइक पुढे केला.

"मला विचारलंय, की पहिला कोण," थॅडियस म्हणाला. "तर सांगतो. लमार टिसडेल. ब्रॅक्स्टनचा."

 मग हुर्यो सुरू झाली. आधी मागून, मग पुढून, मग देणगीदारांच्या रांगेतून. टॅलोवाने थॅडियस मॅबरीची हुर्यो कधीच केली नव्हती, या ऐतिहासिक सत्याला त्यामुळे जरा तडा गेला. पण समितीने खुलासा केला, की ही हुर्यो माणसाची नसून विधानाची होती. थॅडियस ऐकत उभा राहिला. उलटी होईल असं त्याला वाटलं नाही. पदवीची सुरळी काखेत धरून तो अर्नेस्टीनच्या हातात हात घालून माणसांमधून सरळ चालत बाहेर पडला, आणि या वेळी तो धावत नव्हता.

त्याच वेळी नदीपलीकडे, तीन मजली पार्किंगच्या फितीसमोर, लमारने सांगितलं, "पहिला टॅलोवाचा थॅडियस मॅबरी." तिथेही हुर्यो झाली, जाणकारांच्या मते टॅलोवापेक्षा थोडी कमी जोराची. टॅलोवाला त्याचा आजही अभिमान आहे.

शंभर वर्षांत प्रथमच दोन्ही विद्यापीठांनी एकमुखाने ठराव केला, की ही दोघंही माणसं कृतघ्न आहेत. पुतळा तसाच ठेवला आहे. तो काही बोलत नाही, ही त्याची जमेची बाजू मानली जाते. पदवी अर्नेस्टीनने बैठकीच्या खोलीत लावली, आईच्या फोटोशेजारी, आणि पहिले काही दिवस थॅडियस तिच्याकडे बघायचं टाळत होता. आता बघतो.

मराठी वाचकांना हे सारं फार दूरचं वाटेल. ते दूरचंच आहे. मॅबरी, टिसडेल, क्रेनशॉ ही आडनावं वाचून कोण काळा आणि कोण गोरा याचा तुम्हाला काहीच बोध झाला नसेल, कारण तिकडे आडनावावरून कळत नाही. त्या बिचाऱ्यांना प्रत्येक वेळी माणसाचा चेहरा बघावा लागतो. आपली पद्धत त्या मानाने पुष्कळच पुढारलेली आहे. आपण नुसतं आपुलकीने "पूर्ण नाव काय म्हणालात?" असं विचारतो, आणि मग आपल्याला चेहऱ्याकडे बघण्याचीही गरज उरत नाही.