स्वागताचा मजकूर

वर्षभराच्या कामाचा आढावा लिहायचं वेब डिझायनरनं ठरवलं, ते निव्वळ कामाचा कंटाळा आला म्हणून. नोकरीला लाथ मारून स्वतंत्र धंदा सुरू केल्याला त्याला नुकतंच वर्ष झालं होतं. आपणच आपले साहेब, अशी स्वप्नं बघत तो बाहेर पडला होता. प्रत्यक्षात एका साहेबाच्या जागी डझनभर साहेब आले होते. ऑफिस म्हणजे बेडरूममधला एक कोपरा, आणि तिथल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर बायकोच्या इस्त्रीच्या कपड्यांचा कब्जा.

लेख मात्र झकास उतरला. स्वतःच्याच विनोदांना तो खुदुखुदु हसला. त्यातली दात-नखं काढायची, वर 'आपल्या विश्वासाबद्दल ऋणी आहे' अशी साखर पेरायची आणि मगच स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचा, असा त्याचा बेत होता. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या नव्या दवाखान्याचं त्याच सकाळी उद्घाटन होतं, आणि दवाखान्याची नवी वेबसाइटही पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर उघडायची होती.

"अहो, पहिल्याच पानावर स्वागताचा मजकूर पाहिजे. आत्ता अंघोळ करताना सुचला. पाठवलाय बघा."

"डॉक्टर, काल आपण फायनल केलं होतं ना?"

"हो, मग फायनलच आहे. फक्त एवढं बदला."

बाहेरून बायको ओरडली, "आवरलंस का? मी चपला घालून उभी आहे!"

डिझायनरच्या संगणकावर एका खिडकीत स्वतःची वेबसाइट उघडी होती, दुसऱ्या खिडकीत डॉक्टरांची. लेख आपल्या साइटवर नुसता जपून ठेवायचा आणि स्वागताचा मजकूर डॉक्टरांच्या साइटवर प्रसिद्ध करायचा, एवढंच काम. एका हातानं शर्टाची बटणं लावत त्यानं ते दुसऱ्या हातानं उरकलं. घाईघाईत दोन्हीकडे 'प्रसिद्ध करा' दाबलं आणि तो पळाला.

दवाखाना पाहुण्यांनी भरला होता. डॉक्टर नव्या सुटात ताठ उभे होते. फीत कापायला त्यांच्या आई आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना 'मोठ्या बाई'च म्हणत. जमलेल्यांपैकी निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. बाई नुसत्या खाकरल्या, तरी पन्नाशीतले गृहस्थ खिशातले हात बाहेर काढत.

डिझायनर भिंतीशी बायकोजवळ उभा राहिला, तोच त्याचा फोन वाजला.

"डॉक्टर, दाढ ठणकतेय हो. आज घ्याल का?"

"राँग नंबर," म्हणून त्यानं फोन ठेवला. लगेच दुसरा आला. कुणाच्या तरी सासूबाईंची कवळी सैल झाली होती.

"तू दाढा कधीपासून उपटायला लागलास?" बायकोनं विचारलं.

"काय माहीत. माझा नंबर तर फक्त माझ्या वेबसाइटवर..." आणि वाक्य तिथंच तुटलं. दातवाले लोक आपल्या नंबरवर फोन करतायत, म्हणजे स्वागताचा मजकूर आपल्या साइटवर गेलाय. आणि तो जर तिकडे गेलाय, तर आपला लेख...

"आता आईच्या हस्ते आपली वेबसाइट!" डॉक्टर म्हणाले. मोठ्या बाईंनी माउस दाबला.

पडद्यावर भलीमोठी अक्षरं उमटली. बाईंनी चष्मा सारखा केला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात वाचायला घेतलं, "गिऱ्हाईक नावाचा प्राणी. एका वर्षाच्या निरीक्षणातून."

पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. काहीतरी वेगळी कल्पना दिसतेय.

"पहिला नमुना, दातांचे डॉक्टर. यांना स्वतःचा फोटो हवा होता. ढीगभर फोटो काढले, एकही पसंत पडेना. कारण विचारलं तर म्हणाले, सगळ्यांत माझी हनुवटी आईसारखी दिसते. जरा माणसासारखी करता आली तर बघा."

बाई सावकाश वळल्या.

"असं कोण म्हणालं?"

"आई, त्याचा संदर्भ वेगळा होता."

"हनुवटीला संदर्भ असतो?"

"अहो, बंद करा ते!" डॉक्टर डिझायनरवर खेकसले.

"कुणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. माउस त्यांच्या मुठीत होता. तो काढून घ्यायची त्या खोलीत कुणाची छाती नव्हती.

डॉक्टरांचे मित्र ड्रायव्हिंग स्कूलवाले तेवढे पोट धरून हसत होते. डिझायनरला या डॉक्टरांकडे त्यांनीच आणलं होतं, आणि पुढे डॉक्टरांच्या ओळखीनं त्याला वर्षभरातलं निम्मं काम मिळालं होतं. "डॉक्टर, भारी! माणसासारखी!" असं म्हणत ते डोळे पुसत असतानाच बाईंनी मजकूर वर सरकवला.

"दुसरा नमुना, ड्रायव्हिंग स्कूलवाले. यांना साइटवर धावती गाडी हवी होती. गाडी पळवली. मग म्हणाले, आता ती मागे आणा. मी मनात म्हटलं, साहेब, तुम्हाला तरी कुठे येते मागे आणता? परवा पार्किंगमधून तुमची गाडी मीच नाही का काढून दिली?"

हसू थांबलं. मागच्या रांगेतून त्यांच्याकडेच गाडी शिकलेल्या एक काकू उसळून म्हणाल्या, "तरीच! रिव्हर्स शिकवायच्या दिवशी यांची नेमकी कंबर दुखायची!"

"माझी कंबर खरंच..." ड्रायव्हिंग स्कूलवाले सांगू लागले, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. आणखी दोघांच्या रिव्हर्सच्या वेळीही त्यांची कंबर धरली होती, असं एव्हाना निघालं होतं.

लेखात पुढे अजून बरेच नमुने होते, आणि त्यातले दोघं-तिघं समोरच चहा-बिस्किटं घेऊन उभे होते. डिझायनर लोकांना ढकलत रिसेप्शनच्या संगणकापर्यंत पोचला. साइटच्या आत शिरायला त्यानं कीबोर्डवरूनच नाव आणि पासवर्ड मागणारा चौकोन उघडला. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटतात, ही देवाची कृपा. पण त्यानं पासवर्ड नावाच्या जागी लिहिला, आणि हा संगणक पडद्याला जोडलेला होता, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

बाईंनी तोही वाचला, "पुन्हाबदलसांगितलातरगळादाबीन." जरा थांबून त्या म्हणाल्या, "दोन शब्दांत अंतर सोडायला कुणी शिकवलं नाही का तुला?"

"पासवर्डमध्ये सोडत नाहीत, बाई," तो पुटपुटला. आणि घाबरगुंडीत लेख काढण्याऐवजी त्यानं अख्खी वेबसाइटच काढून टाकली.

पडदा पांढराफटक पडला. मधोमध एक ओळ उरली, 'या पत्त्यावर काहीही सापडले नाही.'

कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच टाळ्यांचा कडकडाट केला. कार्यक्रम फार रंगला, असं एकमेकांना सांगत लोक पुन्हा बिस्किटांकडे वळले. मोठ्या बाई तेवढ्या आरशासमोर उभं राहून स्वतःची हनुवटी डावीकडून, उजवीकडून निरखत होत्या.

"तुम्ही जरा आत या," डॉक्टर डिझायनरला म्हणाले. आवाज कमालीचा गोड होता.

आत नवीकोरी खुर्ची होती. तिच्यावरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. डॉक्टरांनी दार लोटलं.

"बसा."

"डॉक्टर, साइट मी दहा मिनिटांत पुन्हा..."

"आ करा."

त्यानं आ केला. डॉक्टरांनी दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले, ओठाला लाळ ओढणारी नळी अडकवली, दिवा डोळ्यांवर धरला आणि हातमोजे चढवत बोलायला सुरुवात केली.

"दहा मिनिटं! वर्षभर ऐकतोय मी तुमची दहा मिनिटं. तेवढ्या वेळात लोकांच्या दुधाच्या दाढा पडून पक्क्या आल्या. फोन केला की 'नेट गेलंय'. आणि हे तुम्ही मला कशावर सांगता? व्हिडिओ कॉलवर! डावी दाढ किडलीय तुमची. मी निळा रंग मागितला, तर तुम्ही तोंड वाकडं करून विचारलंत, 'निळाच का?' अहो, कुणी दात दुखतो म्हणून आला, तर 'हाच का?' असं विचारतो का मी?"

"आँ... अँ..."

"जीभ खाली. आणि हनुवटीचं मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं. आता आईच्या पाया पडलो, तरी ती वरून विचारणार, 'आता माणसासारखी दिसते का रे मी?' दुसरा डिझायनर केव्हाच बघितला असता मी. पण त्याला हे हनुवटीचं सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे... नको! साइट तुम्हीच उभी करायची. उद्या. काही म्हणणं आहे?"

"अँहँ..."

"नाही ना? छान."

दारात बायको उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. नवऱ्याची बाजू घ्यायला आली असेल, असं वाटून डिझायनरनं डोळ्यांनीच तिला हाक मारली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं, ओठाला लटकलेल्या नळीकडे पाहिलं. वर्षाच्या संसारात त्याला इतकं गप्प ती प्रथमच पाहत होती.

तिनं दार नीट लावून घेतलं, कोपऱ्यातलं स्टूल खुर्चीजवळ ओढलं आणि पर्स मांडीवर ठेवून ऐसपैस बसली.

"डॉक्टर, तुमचं वर्ष संपलं असेल तर बोळे राहू देत," ती म्हणाली. "आता माझं सुरू करते."