थोरल्याचं काय झालं?

"उद्या कशावर बोलणार आहेस, बाळा?" जानकीबाईंनी चहाचा कप पुढे सरकवत विचारलं, आणि विद्याधर साळवेची वाट लागायला तिथूनच सुरुवात झाली.

बिचाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. तो शनिवारी संध्याकाळी नगरहून मुलुंडला येऊन पोहोचला होता. मुलुंडच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला पाळक हवा होता. तिथली रीत अशी, की उमेदवाराने रविवारच्या उपासनेत एक उपदेश करायचा, मग सगळ्यांनी पंचांच्या प्रमुखाकडे जेवायला जायचं आणि खरकटे हात वाळायच्या आत निकाल लावायचा. प्रमुख होते शाळेचे हेडमास्तर मार्तंडराव गायकवाड. बाकीचे पंच आपले नावाला. मार्तंडरावांची मान ज्या दिशेने हले, त्याच दिशेने त्यांच्याही माना हलत. जानकीबाई या मार्तंडरावांच्या आई.

विद्याधरला ही जागा मिळायलाच हवी होती. "फार खोलात जातो" म्हणून दोन मंडळ्यांनी त्याला आधीच नारळ दिला होता. तिकडे नगरला मृणालिनीचे वडील स्वच्छ सांगून मोकळे झाले होते, "मी पाळकाला मुलगी देईन. पाळक होऊ घातलेल्याला नाही." त्यांनी सोलापूरचा एक कंपाउंडर हेरूनही ठेवला होता. म्हणजे उद्याचा उपदेश पडला, की मृणालिनी सोलापूरला गेलीच म्हणून समजा.

"पेरणाऱ्याच्या गोष्टीवर बोलेन म्हणतो," विद्याधर म्हणाला.

"तीच? मागचे दोघंही पेरूनच गेले. उगवलं काही नाही." जानकीबाईंनी पदराने बशी पुसली. "त्यापरीस उधळ्या पोराची घे. बापाकडनं वाटा घेऊन जातो, सगळा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते आणि मग घरी येतो, ती. धाकट्यावर सगळेच बोलतात. थोरल्याचं कुणी काढत नाही."

विद्याधरचे डोळे लकाकले. म्हातारीने नेमकं त्याच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. शास्त्र वाचायची त्याची म्हणून एक पद्धत होती. गोष्ट कोण सांगतो, कोणाला सांगतो, कुठे थांबतो आणि काय मुद्दाम सांगत नाही, हे चार प्रश्न तो प्रत्येक ओळीला विचारत असे. आणि हे चारही प्रश्न थोरल्या भावापाशी जितके रंगत तितके कुठेच रंगत नसत. "घेतो," तो म्हणाला, "नक्की घेतो."

आता गंमत पाहा. शास्त्रातल्या एकेका शब्दाला हटकणारा हा मनुष्य त्याच क्षणी त्या घरात काय पाहत होता? बाहेर ओट्यावर मार्तंडराव एकटेच पाटावर बसून जेवत होते. आत एक चाळिशीचा, केस मागे वळवलेला मनुष्य जुन्या बाजाच्या पेटीवर हळूहळू बोटं फिरवत होता. "हा आमचा दशरथ," जानकीबाई म्हणाल्या, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "आई, तुझ्या मुलाला सांग, पेटी बंद कर म्हणावं." पेटी बंद झाली. विद्याधरने मनाशी म्हटलं, हेडमास्तरांना वाऱ्यावर जेवायची सवय दिसते. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं, काय सांगावं.

रविवारी सकाळी चर्च भरलं. पहिल्या बाकावर मार्तंडराव, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. पलीकडच्या ओळीत पहिल्याच बाकावर जानकीबाई आणि त्यांच्या शेजारी दशरथ, पायाशी चादरीत गुंडाळलेलं एक गाठोडं. विद्याधरने शास्त्रपाठ वाचला. वाचन संपेपर्यंत चर्चमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पहिल्यांदाच आपलं कुणीतरी मन लावून ऐकतंय, असं वाटून त्याला भरून आलं.

मग मंडळी गीताला उभी राहिली. पंचांचे चिटणीस नंदकुमार शेजारीच उभे होते. गीताच्या पुस्तकाआडून ते कुजबुजले, "अहो साळवे, हे वाचायचं तुम्हाला कुणी सुचवलं?"

"का?"

"वाट लावलीत राव. तो समोरचा दशरथ मार्तंडरावांचा धाकटा भाऊ. ऐन तारुण्यात घरातला वाटा आणि चर्चची पेटी घेऊन नाटक कंपनीत पळाला होता. सिनेमानं कंपनी खाल्ली, गेल्या महिन्यात पेटीसकट परत आला. म्हातारीनं जेवण घातलं साऱ्या मंडळीला. मार्तंडराव तेव्हापासून घरात जेवत नाहीत. ओट्यावर बसतात."

 ओट्यावरचा पाट विद्याधरच्या डोळ्यांपुढे आला आणि त्यामागोमाग सोलापूरचा कंपाउंडर.

"आता काय करू?"

"थोरल्याचं नाव काढू नका. बाकी काहीही बोला. आवरा, शेवटचं कडवं आलं."

गीत संपलं, मंडळी बसली, आणि विद्याधर उभा राहिला.  थोरला नाही तर नाही, धाकट्यावर बोलू, त्याने ठरवलं. "या धाकट्याने काय केलं?" त्याने सुरुवात केली. "बाप जिवंत असताना वाटा मागितला. म्हणजे बापाला जिवंतपणीच मारलं." दशरथची मान खाली गेली. जानकीबाईंनी चष्मा वर ढकलून विद्याधरकडे असं पाहिलं, की पुढची डुकरं त्याने तिथल्या तिथे गिळली. उलट मार्तंडराव किंचित पुढे झुकले, आणि ते तर त्याहून वाईट होतं. कारण आता हा पाळक आपल्या बाजूचा, असं त्यांना वाटायला लागलं असणार.

मग तो बापाकडे वळला. बाप किती मायाळू, लांबून पोराला पाहून कसा धावत सुटला, वगैरे. जानकीबाई खूश झाल्या, पण मार्तंडराव मागे टेकले आणि त्यांनी काठी जमिनीवर एकदा आपटली. विद्याधरने घाईघाईने बापालाही सोडलं. गोष्टीत माणसं तीन आणि तिन्ही समोर बसलेली. उरलं कोण?

वासरू. त्या बिचाऱ्याचा कुणी नातेवाईक मुलुंडात नव्हता.

"आपण त्या वासराचा विचार करू," विद्याधर म्हणाला. मंडळीत चुळबूळ झाली. "धाकटा आला म्हणून बापाने पोसलेलं वासरू कापलं. पण ते पोसलं कुणी? गोष्ट सांगणारा ते सांगत नाही." इथे त्याची सवय त्याच्या आड आली. प्रश्न विचारला, की उत्तर आपोआप तोंडातून पडायचं. "बाप तर म्हातारा. म्हणजे पहाटे उठून त्याला चारा घालणारा, पाणी पाजणारा कोण, तर घरात राहिलेला..."

तो थांबला. नंदकुमारांनी डोळे मिटून घेतले होते. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि दाबलेल्या आवाजात म्हणालं, "कोंबडा."

आता ही कोंबड्याची भानगड नंदकुमारांनी सांगितलीच नव्हती. मार्तंडरावांना कोंबड्या पाळायचा नाद. त्यांचा एक तांबडा कोंबडा होता, शाळेतून आल्यावर ते स्वतःच्या हाताने त्याला दाणे घालत. दशरथ आला त्या दिवशी मार्तंडराव शाळेत असताना जानकीबाईंनी तोच कोंबडा जेवणाला कापला होता. मार्तंडराव एक वेळ पेटी विसरले असते. कोंबडा विसरणं त्यांना शक्य नव्हतं.

विद्याधरला एवढंच दिसलं, की हेडमास्तरांचा चेहरा लालबुंद झाला आहे. तो वासरू सोडून वाजंत्र्यांकडे धावला, वाजंत्र्यांवरून पेटी आठवली म्हणून तेही सोडले, आणि मग बापाने पोराच्या पायात घातलेल्या जोड्यांवर बोलू लागला. जोड्यांवर मनुष्य किती बोलणार? कातडं झालं, टाचा झाल्या.  मृणालिनी एव्हाना दौंडपर्यंत पोहोचली असावी.

"बाळा," पहिल्या बाकावरून जानकीबाईंचा आवाज आला. भर उपदेशात. "जोडे राहू दे. थोरल्याचं काय झालं?"

 विद्याधरने नंदकुमारांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मार्तंडरावांकडे पाहायची त्याला हिंमत झाली नाही. आता खोटं बोलायचं तर शास्त्रावर हात ठेवून, आणि तेवढं काही त्याच्याने होणार नव्हतं. गेली जागा, गेली मृणालिनी, असं म्हणून त्याने पुस्तक मिटलं.

"आजी, ते गोष्टीत नाही," तो म्हणाला. "थोरला दाराबाहेर उभा राहतो. आत गाणं चाललेलं असतं. तो बापाला म्हणतो, हा तुझा मुलगा आला आणि तू मेजवानी केलीस. तुझा मुलगा. माझा भाऊ म्हणत नाही. बाप त्याला रागावत नाही. जसा धाकट्यासाठी तो घराबाहेर गेला होता, तसाच याच्यासाठीही बाहेर येतो. म्हणतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. पण हा तुझा भाऊ आहे. आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला का? सांगणारा सांगत नाही. कारण ज्यांना तो गोष्ट सांगत होता, ते सगळे थोरलेच होते. समोरच बसले होते. शेवट त्यांनी करायचा होता."

मार्तंडराव उठले. काठी टेकत मधल्या वाटेने चालत गेले, दार उघडलं आणि बाहेर पडले. दार मागे करकरत लोटलं गेलं.

 आता आशीर्वाद द्यायचा, बॅग उचलायची आणि स्टेशन गाठायचं, एवढंच विद्याधरच्या हाती उरलं होतं. तेवढ्यात जानकीबाई उठल्या. दशरथ हात द्यायला गेला, तो त्यांनी झटकला आणि गुडघे धरत, बाकांचा आधार घेत त्याही दाराबाहेर गेल्या. खिडकीतून मार्तंडरावांचं डोकं दिसत होतं. म्हातारी त्यांच्या खांद्याच्याही खाली, म्हणून ती दिसत नव्हती. काही ऐकूही येत नव्हतं. फक्त ते डोकं मध्येच एकदा जोरात नकारार्थी हललं.

"गीत घ्या, गीत घ्या," नंदकुमार पुटपुटले. मंडळीने कसंबसं गीत सुरू केलं. निम्मे एका सुरात, निम्मे दुसऱ्या. दशरथला ते सोसवेना. त्याने पायाशी ठेवलेलं गाठोडं सोडलं, पेटी काढली आणि सूर धरला. नाटक कंपनीतली सवय, सूर भलताच उंच लागला. बायका ताणून ताणून गाऊ लागल्या, पुरुषांनी दुसऱ्या ओळीलाच हात टेकले.

खिडकीबाहेरचं डोकं वळलं. शाळेच्या मैदानावर चालणाऱ्या त्या आवाजात मार्तंडराव ओरडले, "अरे, त्या माझ्या भावाला सांगा कुणीतरी, पट्टी खाली घे म्हणावं. हे काय नाटक आहे?"

पेटी थांबली. सगळे थांबले. दशरथने डोळ्यांवरून बाही फिरवली, दोन पट्ट्या खाली उतरून पुन्हा सूर लावला, आणि जानकीबाईंचा हात धरून मार्तंडराव आत आले. जागेवर बसण्याआधी ते विद्याधरकडे वळले. "पाळकसाहेब, आशीर्वाद द्या आणि सोडा लोकांना. स्वयंपाक निवतोय."

"पाळकसाहेब म्हणाले," नंदकुमार कानात म्हणाले. "झालं तुमचं काम. आणि हे पाहा, पुढच्या रविवारी त्या दोघी बहिणींची गोष्ट घ्या. एक राबते आणि दुसरी नुसती बसून ऐकते, ती. माझी मेहुणी येणार आहे."

जेवायला सगळे गायकवाडांकडे जमले. ओट्यावरचा पाट कुणीतरी आत आणून मांडला होता. मार्तंडराव दशरथच्या शेजारी बसले. त्यांनी मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. विद्याधर नगरला तार करायचा मजकूर मनात जुळवत होता. जानकीबाईंनी वाढायला सुरुवात केली. मार्तंडरावांनी ताटातल्या रश्श्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थबकला.

"आई, ही कुठली कोंबडी?"

"तुझीच. ती काळी."

"काळी?" मार्तंडराव कष्टाने म्हणाले. "कधी कापलीस?"

"सकाळी. नव्या पाळकासाठी."

"सकाळी कुठं ठरलं होतं याला घ्यायचं म्हणून?"

"मी कालच ठरवलं होतं, चहाच्या वेळी," जानकीबाई म्हणाल्या आणि विद्याधरच्या ताटात तंगडी वाढून पुढे सरकल्या.

विद्याधरचा घास हातातच राहिला. गोष्ट कोण सांगतो, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि कालपासून तेवढाच एक विचारायचा राहून गेला होता. मार्तंडरावांनी आईकडे पाहिलं, विद्याधरकडे पाहिलं, उघड्या दारातून रिकाम्या ओट्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने भाकरी मोडली.