चढला तो उतरलाच पाहिजे

राजूरच्या आमच्या आळीत गोपाळनाना कुणाच्याही घरी गेले, की यजमानाला रामराम करण्याआधी त्याच्या भिंतीला गाल लावतात. मग निकाल देतात, "पॅसेंजर लई झालेत." म्हणजे भिंतीला ओल धरली आहे! आम्ही मुकाट्याने चहा टाकतो.

नाना जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण ओल त्यांच्या लेखी अजून विनातिकीट प्रवासीच. "पावसाची ओल भाईरून चढती, चुलीच्या वाफंची आतून. कितीबी दार लावा, चढनारच. पन चढला तो उतरलाच पाहिजे!"

या वेडाला कारण होतं. त्यांच्या सिमेंटच्या घराच्या भिंती जूनपासून पाझरतात, नानींचे गुडघे धरतात आणि मुलगा त्यांना चार महिने संगमनेरला घेऊन जातो. नाना मागे एकटे पिठलं-भात खातात. यंदा त्यांनी पणच केला: अंगणात लाकडी सांगाड्याची कोरडी खोली बांधायची आणि नानींना ठेवून घ्यायचं.

सुतार म्हणाला, "दोनी अंगानं प्लास्टिक ठोकतो, मधी थर्माकोल. टेन्शनच न्हाई."

"आन् आत अडकलेला पॅसेंजर उतरंल कुठनं?" नाना कडाडले. "तू रेनकोट घालून झोपतो का रं?"

"नाना, घर बांधताय का डेपो?"

शेवटी नानांचंच झालं. आतून कारवीच्या काड्या विणलेल्या कुडाला मातीचा गिलावा, मधल्या पोकळीत चुना नि कडुलिंबाचा पाला मिसळलेलं भाताचं तूस, बाहेरून फळ्या. आणि फळ्यांच्या मागे वारा फिरायला दोन बोटं जागा. ते तूस नानांनी पंधरा दिवस उन्हात इतकं जपून वाळवलं, की नानी म्हणाल्या, "माझ्या पापडाची कदी राखन केली न्हाई ती!"

पाऊस लागला. नानींनी नव्या खोलीत आठ दिवस राहून बघायचं कबूल केलं. नवव्या दिवशी मुलगा गाडी घेऊन हजर. "आई, पिशवी कुठंय?" नाना दारात उभे, भिंतीला गाल लावून.

नानी खोलीच्या मधोमध ठेवलेल्या खाटेकडे बघत होत्या. जुन्या घरात ओलीच्या धाकाने खाट भिंतीपासून लांबच असायची, तीच सवय इथेही. त्या मुलाला म्हणाल्या, "पिशवी ऱ्हाऊ दे. खाट धर, भिंतीला लावू."

नाना धावले. डोळे पुसत त्यांनी दुसरं टोक उचललं.

"हळू वो," नानी म्हणाल्या, "भिंतीला लागंल."