खाऱ्या वाऱ्याची परीक्षा

नानांच्या पडवीत समुद्राच्या अंगाला एक दोरी बांधलेली आहे. तिच्यावर कपडे कधीच नसतात. सुतळीचे फास बांधलेले असतात आणि त्या फासांना लटकत असतात पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर, मधूनच एखादी हातोडी. काकूंच्या साड्या बिचाऱ्या मागीलदारी, विहिरीपाशी. “पुढची दोरी परीक्षार्थींची,” असं नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि येणारा-जाणारा मान डोलावून जरा भरभर चालू लागतो.

आम्ही किहीमला राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी ही दोरी पाहिली आणि शेजारधर्म म्हणून असा काही घोळ घातला की आमची कायमची ओळख झाली. माझ्या बहुतेक ओळखी अशाच होतात. त्या दिवशी नाना आणि काकू अलिबागला गेले होते. दोरीवरच्या पान्यांना तांबूस गंज धरू लागला होता. मला वाटलं, म्हातारा माणूस, धुऊन वाळत घातले आणि विसरला. मी सगळे उतरवले, काथ्याने खसाखसा घासले, वर खोबरेल चोळलं आणि पडवीतल्या बाकावर उंचीप्रमाणे ओळीत मांडून ठेवले. मग आमच्या ओट्यावर चहा घेऊन बसलो, आभाराची वाट बघत.

नाना आले. त्यांनी बाकाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं आणि थेट कुंपणाशी आले.

“हे तुम्ही केलंत?”

“हो, म्हटलं गंजताहेत...”

“अहो, गंजायलाच टांगले होते!” नानांचा आवाज चिरकला. “अख्ख्या वर्गाचे पेपर तपासायच्या आधी धुऊन टाकलेत तुम्ही! आता यातला हुशार कोण आणि ढ कोण, मी कसं ओळखू?”

आतून काकू म्हणाल्या, “आधी त्यांना आत बोलवा, मग ओरडा. नवीन आहेत ते.”

मी आत गेलो, पुन्हा चहा घेतला आणि तेव्हापासून मी नानांचा ‘अरे’ झालो.

नाना हायस्कुलात भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण तपासण्याची खोड सुटली नाही. तिच्या तावडीत आता हत्यारं सापडली. त्यातही फक्त स्वस्तातली. महागड्या हत्यारांबद्दल त्यांना काही म्हणजे काही वाटत नाही. “महाग ते चांगलं असतं हे दुकानातलं मांजरही सांगेल. त्याला कशाला अक्कल लागते? गाळातून बरं काढून दाखव, मग बोल.”

गाळातून बरं काढायची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पाना आधी ते हुंगतात. का, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, “तुला नाही यायचा वास, तू शहरातला.” मग सुतळीला टांगून त्याला टिचकी मारतात आणि डोळे मिटून ऐकतात. टण्ण आवाज घुमत राहिला तर मान हलते. थप्प आलं तर पाना परत. पक्कड मिटून उजेडाकडे धरतात आणि तिच्या दातांतून किती उजेड येतो ते एका डोळ्याने बघतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक कानशीवर घासून बघतात, कानस त्याला सहज खाते की घसरते. हे सगळं पार पडलं की तोंडी परीक्षा संपली. लेखी परीक्षा पडवीत, खाऱ्या वाऱ्याकडे.

“लोकांना चकाकी दिसते. ती वरची आंघोळ असते रे. आपला वारा तिच्या आतलं बघतो. बरं हत्यार असेल तर वरवर तांबूस होतं, पुसलं की जातं. भिकार असेल तर साल निघते.” आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, “बघू. वाऱ्याला विचारू.”

हे वाक्य ते हत्यारांपुरतं ठेवत नाहीत. नव्या सरपंचाबद्दल विचारा, नव्या जावयाबद्दल विचारा, काकूंच्या आमटीबद्दल विचारा. “वाऱ्याला विचारू.” आमटीच्या वेळी काकू म्हणाल्या होत्या, “वाऱ्यालाच वाढते, तुम्ही उठा.”

एकदा मला ते अलिबागच्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. दुकानाचे शेठ त्यांना बघताच गल्ल्यावरून उठून मागच्या खोलीत निघाले होते, पण सापडले. नानांनी काउंटरवर पान्यांचा ढीग मांडून घेतला आणि टिचक्या सुरू केल्या. मागे गिऱ्हाइकांची रांग. एक जण खिळे मागत होता, त्याला नाना म्हणाले, “श्शू, ऐकू येत नाही.”

“नाना, मुलगी पसंत करायलाही एवढा टाइम नाय लागत,” शेठ कळवळून म्हणाले.

“मुलगी मी बघताक्षणी पसंत केली होती. पान्याचं तसं नसतं.”

घरी येऊन मी हे काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तेव्हा मला वाऱ्यावर टांगलं नाही, हेच नशीब.”

आता माझ्या पेटीबद्दल सांगायला हवं, म्हणजे टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ऑनलाइन एक पेटी मागवली होती. उघडली की तीन मजले वर उचलले जायचे आणि प्रत्येक मजल्यावर चकचकीत सॉकेट, पाने, नावं माहीत नसलेल्या वस्तू. किंमत इतकी कमी की मी बायकोला दोनदा दाखवली. ती घेऊन मी छाती फुगवून नानांकडे गेलो. त्यांनी पेटी उघडली, बराच वेळ बघितली, मिटली, पुन्हा उघडली.

“पेटी छान आहे,” ते म्हणाले.

“आणि आतलं?”

“आतलं काढून टाक. हिच्यात सुया-दोरे चांगले राहतील. हिच्यातलं सगळ्यात मजबूत हत्यार म्हणजे हिची कडी.”

मला राग आला. त्याच संध्याकाळी मी माझ्या गाडीची बॅटरी स्वतः काढायला घेतली. पहिल्याच जोराला पान्याचं तोंड फाकलं आणि नटाचे कोपरे गोल झाले. स्क्रूड्रायव्हर लावून बघितला, त्याला चकलीसारखा पीळ पडला. शेवटी शरमेने नानांना हाक मारली. ते आले, दोरीवरून उत्तीर्ण झालेली एक पक्कड घेऊन. नट सुटला. नानांनी पक्कड पुसून माझ्या हातात दिली. न बोलता इतका अपमान करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण ती पक्कड परत ठेवायला मी त्यांच्या गॅरेजात गेलो आणि तिथे पहिल्यांदा मला काहीतरी खटकलं. गॅरेज स्वच्छ झाडलेलं. मधोमध फरशीवर तेलाचे जुने डाग आणि त्यांवर गाडीच नाही. नानांकडे गाडी नाही, कधीच नव्हती. ते एसटीने आणि रिक्षाने फिरतात. आणि भिंतीवर पास झालेले पाने टांगलेले, प्रत्येक मापाचे दोन-दोन. शेजारी शेजारी, जुळ्यांसारखे.

“नाना, सगळे जोडीने?”

“लागतात.” मग माझा चेहरा बघून त्यांना राहवलं नाही, आतला मास्तर जागा झाला. “नट फिरवलास की बोल्टही त्याच्याबरोबर फिरत बसतो. पलीकडून तो दुसऱ्याने धरायचा, तेव्हा नट सुटतो.”

“मग मी धरेन की कधी.”

“तू? तू पाना उलटा धरतोस.”

गाडीचं कोडं काकूंनी उलगडलं. नानांचा धाकटा भाऊ बाळ डोंबिवलीला असतो. त्याच्याकडे एक जुनी गाडी होती. गणपतीला आणि मे महिन्यात ती घेऊन तो यायचा आणि गाडी वाटेत वडखळपासून कण्हायला लागायची. घरी पोचली की दोघे भाऊ तिच्याखाली. जेवायला हाका मारून काकूंचा घसा बसायचा. चार पाय तेवढे बाहेर दिसायचे. “कुठले कुणाचे तेही कळायचं नाही,” काकू म्हणाल्या. मग बाळने ती गाडी विकली आणि डिकीत दोघांची हत्यारांची पिशवी होती, तीही तिच्याबरोबर गेली. नवी गाडी आली. तिचं झाकण उघडलं तर आत नुसतं काळं प्लास्टिक. काही झालं की कंपनीला फोन. आता बाळ येतो, आरती करतो, झोपाळ्यावर बसून मोबाइल बघतो, दुसऱ्या दिवशी जातो.

“आणि हे जोड्या जमवत बसलेत,” काकू म्हणाल्या. “एकदाही म्हणाले नाहीत त्याला, की थांब. दर वेळी वाटतं, या खेपेला काहीतरी निघेल गाडीचं. निघत नाही मेलं.”

त्या वर्षी गणपतीला बाळ आला. गाडी कुरकुर न करता आली. नानांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका चाकाला लाथ मारून बघितली.

“काही आवाज वगैरे?”

“नाही रे दादा. मस्त चालते.”

“ब्रेक?”

“परवाच सर्व्हिसिंग झालं.”

“बघू,” नाना म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ निघायच्या तयारीत होता. गाडी गल्लीत कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला लागून उभी. मलाही अलिबागला जायचं होतं. मी माझी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, आरशात बघितलं, बाजूला बघितलं, पुन्हा आरशात बघितलं आणि सावकाश, अगदी काळजीपूर्वक, बाळच्या गाडीच्या मागच्या बंपरवर नेऊन घातली.

माझ्या बायकोला आजही वाटतं की मी हे मुद्दाम केलं. माझ्याबद्दल तिचं मत इतकं चांगलं क्वचितच असतं, म्हणून मी तिला दुरुस्त करत नाही. ज्यांनी माझं ड्रायव्हिंग पाहिलंय ते काहीच विचारत नाहीत.

बंपर एका बाजूने लोंबत होता. बाळने कपाळाला हात लावला. मी माफी मागायला उतरलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. नाना पडवीतून उतरून गाडीमागे आडवेसुद्धा झाले होते.

“पट्टी वाकलीय फक्त. दोन बोल्ट. काढून ठोकून सरळ करू.”

“राहू दे दादा, मी फोन करतो कंपनीला...”

“गणपतीत कोण येतंय तुझ्या कंपनीचं?”

बाळने मोबाइल काढला. फोन लावला. कुणी उचलला नाही. गाडीखालून नानांचा एक हात बाहेर आला होता, तळवा वर करून. बाळने थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं. मग मोबाइल खिशात टाकला, गॅरेजात गेला आणि एकाच मापाचे दोन पाने घेऊन आला. एक त्या तळव्यावर ठेवला. नवा झब्बा अंगात होता, तसाच तो मातीत आडवा झाला.

“धर.”

“धरलाय.”

“अरे नीट धर, फिरतोय.”

“तू उलटीकडे फिरवतोयस दादा.”

“गाढवा, खालून आहोत आपण, खालून!”

काकू दारात आल्या, चार पाय बघितले आणि जेवायला हाक न मारता परत आत गेल्या. बाळ त्या दिवशी गेला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पट्टी तोवर कधीच सरळ झाली होती, पण नानांना सायलेन्सरचा आवाज आवडला नव्हता.

तो गेल्यावर मी गॅरेजात गेलो. भिंतीवर एका मापाचा पाना एकटाच होता. मी आपली शेजाऱ्याची काळजी दाखवली.

“नाना, याची जोडी हरवली. शेठकडून नवा आणू या? वाऱ्याला विचारू.”

नाना पडवीत दोरीचे फास सोडवत होते.

“हरवला नाही. बाळ्याच्या डिकीत आहे.” सुतळी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, “आणि सगळंच काय वाऱ्याला विचारायचं?”