सॉफ्टवेअरला दिसलेली वस्ती

कन्नड तालुक्यातली एक धनगरवस्ती निर्मनुष्य असल्याचा निष्कर्ष मोबाइल टॉवरच्या जागा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरने काढला, तेव्हा वस्तीवरची बानाबाई भाकरी थापत होती. सॉफ्टवेअरचा तसा दोष नव्हता. वस्तीवर रेंज नव्हती. म्हणून तिचा नवरा मल्हारराव रोज मेंढरं घेऊन टेकडीवर निघाला, की वस्तीवरच्या सगळ्यांचे फोन एका पिशवीत घालून नेई. वर रेंज मिळे, मेसेज येत, संध्याकाळी पिशवी घरी येई. शहरातल्या कचेरीत नकाशावर मात्र रोज एकेचाळीस माणसं टेकडीवर दिसत आणि खाली चिटपाखरूही नसे.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण ते दुष्काळाचं साल होतं, आणि डोकी मोजायला माणूस पाठवण्यापेक्षा हाच नकाशा घ्यावा, असं तहसीलने ठरवलं. वस्तीचा पाण्याचा टँकर बंद झाला.

चौथ्या दिवशी, तहसीलने नकाशाकडे बोट दाखवल्यावर, नवरा-बायको शहरातल्या जालना रोडवर मोबाइल कंपनीच्या कचेरीत, टॉवरचं नियोजन करणाऱ्या अभियंता प्रांजली यांच्यासमोर उभे राहिले.

“मावशी, सिस्टिममध्ये तुम्ही टेकडीवर राहता.”

“टेकडीवर मेंढरं चरतेत, ताई. आम्ही खाली ऱ्हातो.”

“खाली एकही फोन दिसत नाही.”

“खाली रेंजच नाय, तर दिसंल कसा?” मल्हारराव म्हणाला. “एक टॉवर द्या तिथं.”

“देऊ की. पण जिथं कोणी राहतच नाही, तिथं टॉवर मंजूर कसा होणार, काका?”

मल्हाररावाने यावर बराच विचार केला. मुद्दा बिनतोड होता.

“लेकरं चार दिवसांपून गढूळ पाणी पितेत,” बानाबाई म्हणाली. प्रांजलीबाईंना खरोखर वाईट वाटलं आणि त्यांनी प्रत्यक्ष पाहणीची शिफारस केली.

पाहणीला तहसीलचे कारकून सोमनाथराव आले. त्यांनी घरं पाहिली, रिकामे हंडे पाहिले, उरल्यासुरल्या पाण्याचा चहा घेतला. मग आपण पाहणीला आल्याचा पुरावा म्हणून, नियमाप्रमाणे, हजेरीचा फोटो पाठवायला फोन काढला. फोटो जाईना. शेवटी साक्षीदार म्हणून अख्खी वस्ती बरोबर घेऊन ते टेकडीवर चढले आणि तिथून सगळ्यांसकट फोटो पाठवला. अहवाल तयार झाला: प्रत्यक्ष पाहणीत सर्व रहिवासी टेकडीवरच आढळून आले.

टँकर सुरू झाला, टेकडीवर. आठ दिवस बायका हंडे घेऊन चढल्या-उतरल्या. नवव्या दिवशी बानाबाईने चूल मोडली, शिव्या देत तिचे दगड वर नेले आणि तिथंच मांडली. महिन्याभरात खालची वस्ती ओस पडली. सॉफ्टवेअरची अचूकता शंभर टक्के भरली. कंपनीने प्रांजलीबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

वाचकहो, तुम्हाला हसू आलं असेल. परवा फोन घरी राहिला म्हणून तुम्ही अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरलात. कोणाला फोन करायचा नव्हता, कोणाचा येणारही नव्हता. आपण अजून आहोत ना, एवढंच बघायचं होतं.