भागीरथाबाईंचा सकाळी सहाचा मिस्ड कॉल

आपल्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार दर्यापूर तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे, असं खुशालराव स्वतःविषयी सांगत. नजर घारीची, कान सशाचे आणि नाक असं, की भरल्या एसटीत बिनतिकिटाचा कोण हे ते म्हणे वासावरून ओळखत. तीस वर्षं अकोट डेपोत कंडक्टरकी केल्यावर ते गुप्तहेर झाले. इतके गुप्त, की वर्षभरात एकाही गिऱ्हाइकाला त्यांचा पत्ता लागला नव्हता.

त्यांचं ऑफिस म्हणजे गयासुद्दीनच्या शिलाईच्या दुकानातलं स्टूल. मागच्या हंगामात बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि कापसाबरोबर लग्नाचे सूटही खाल्ले. पंचवीस माणसांत लग्नं उरकू लागली. नवरदेव थोरल्या भावाचा कोट घालून उभे राहू लागले. गयासुद्दीनकडे वेळच वेळ उरला, आणि त्या वेळावर खुशालरावांनी त्याला सहायक नेमलं. त्याला विचारलं मात्र नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी भागीरथाबाई दुकानात आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुया टोचल्या होत्या, त्यामुळे खुशालराव त्यांना बघून आपोआप उठून उभे राहिले.

"गयासभाई, हा फोन पाहा बरं," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी सहा वाजता मिस्ड कॉल येते. बोटानं पुसून टाकते, तं दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. होळीपासून चालू आहे. रिंग वाजत नाही, काही नाही. उलटा फोन लावला तं म्हंते, हा क्रमांक अस्तित्वात नाही."

खुशालरावांचे डोळे चमकले. "अस्तित्वात नसलेला माणूस! गयास, लिहून घे."

गयासुद्दीननं खडूनं समोरच्या पॅंटच्या कापडावर 'माणूस नाही' असं लिहून घेतलं.

बाई जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "मले वाटते, आमची माया तं नसंन? अकोल्याची, लहान बहीण. मागच्या साली तिनं पोराचं लग्न उरकलं अन् मले बलावलंच नाही. तवापासून बोलणं बंद आहे. कोन्या दुसऱ्या नंबरवरून करत असंन, अन् बोलाची हिंमत होत नसंन…"

"अजिबात नाही!" खुशालरावांनी हात आडवा केला. "तपासात भावनेले शीट मिळत नाही, ताई. तिनं उभंच राहावं."

तपास सुरू झाला. खुशालरावांनी नंबर तीनदा वाचला आणि टाळी वाजवली. "शेवटचे आकडे पाहा! सहा, चार, शून्य. सहा चाळीसची अकोला गाडी! सहाला फोन करते अन् सहा चाळीसच्या गाडीनं पळून जाते."

दुसऱ्या दिवशी दोघं त्या गाडीत चढले. फोन करणारा सापडला नाही, पण बिनतिकिटाचे दोन प्रवासी सापडले. खुशालरावांनी त्यांना इतकं झापलं, की खऱ्या कंडक्टरनं खुशालरावांकडेच तिकीट मागितलं. ते काढायचं दोघंही विसरले होते. पुढच्या थांब्यावर उतरून चार किलोमीटर पायी येताना गयासुद्दीनच्या चपलेचा अंगठा तुटला.

"पुढं चाल, पुढं चाल," खुशालराव म्हणाले. "चालल्यानं डोकं चालते."

चाललेल्या डोक्यातून निघालं ते असं: बाई सहाला उठतात, फोनही सहालाच येतो, म्हणजे गुन्हेगार घरावर पाळत ठेवून आहे. म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटेची नमाज आटोपताच गयासुद्दीन बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी फोन हातात धरून उभा राहिला आणि खुशालराव पाण्याच्या टाकीमागे बसले. सहा वाजले. बाई घरातून ओरडल्या, "आला!"

खुशालराव टाकीमागून झेपावले आणि त्यांनी गयासुद्दीनची कॉलर धरली.

"गुन्हा घडला तवा फोन घेऊन जाग्यावर कोन उभं होतं?"

"मी. तुमीच उभं केलं ना, भाऊ!"

"म्हंजे कबूल!"

"भाऊ, कॉलर सोडा. कालच शिवली आहे."

या गोंधळात बाई फोन घेऊन दारात आल्या आणि गयासुद्दीनची बायको सुरैय्या त्याचा विसरलेला डबा द्यायला आली. नवऱ्याला आरोपी झालेला बघून तिला फारसं नवल वाटलं नाही. तिनं डबा बाईंच्या कट्ट्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि बाईंच्या हातातला फोन घेतला.

"बाई, रात्री फोन बंद करता काय?"

"हो तं. दहाला बंद, सहाला चालू. बॅटरी टिकते म्हंतात."

"मंग झालं. थो रोज नाही येऊन राहिला. एकच आहे, जुना. फोन चालू केला का थोच पुन्हा दाखवते. हे पाहा, तारीख मार्चची."

खुशालरावांनी चष्मा चढवला. तारीख होती. सहा महिने, सात महिने, ती तिथंच होती.

"पण मी तं यादी रोज पाहते," बाई म्हणाल्या.

"तुमी हे दुसरं ॲप उघडता, कोनाचा फोन आहे ते सांगणारं. फोनचं सोताचं खालच्या कोपऱ्यात आहे. तिथं उघडून पाहिलंच नाही, म्हून त्याले वाटते तुमी अजून पाहिलाच नाही." सुरैय्यानं तिथं बोट टेकवलं. त्या चित्रावरचा लाल एकाचा आकडा नाहीसा झाला. "अन् हा नंबर माह्याबी फोनमंधी आहे. कुकर लागला म्हंत होता सोडतीत. मी म्हनलं, पाठव. पाठवलाच नाही."

फोन बंद करून पुन्हा चालू केला. काही आलं नाही.

बाईंनी तो रिकामा पडदा दोनदा पुसला. "म्हंजे माया नव्हती," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. सात महिने रोज सकाळी आपली कोणीतरी आठवण काढतं, असं त्या धरून चालल्या होत्या. गयासुद्दीनला वाटलं, आपण गुन्हेगार असतो तर बरं झालं असतं.

सुरैय्या त्यांच्या शेजारी टेकली. "तिनं नाही केला तं तुमी करा. बहीणच आहे ना?"

"काय बोलू?"

"काही बोला. लागला तं लागला."

बाईंना नंबर पाठ होता, तो त्यांनी लावला. दोन रिंग झाल्या, तिकडून "हॅलो" आलं आणि बाईंच्या तोंडून भलतंच निघालं.

"माया… तुहा मिस्ड कॉल आला होता."

गयासुद्दीननं श्वास धरला. खुशालरावांनीही धरला, पण तो शिंकेच्या रूपात निसटला.

"हो अक्का," फोनमधून बारीक आवाज आला. "मीच केला होता."

मग दोन्हीकडून एकदमच रडणं आणि भांडणं सुरू झालं. लग्नाचं निघालं, पत्रिकेचं निघालं, लहानपणच्या एका परकराचं निघालं. सुरैय्यानं उठून बाईंच्या चुलीवरचा चहा उतरवला आणि सगळ्यांना दिला.

खुशालराव कट्ट्यावर ताठ बसले होते. "ऐकलं? आरोपीची कबुली. माया! मी पहिल्याच दिवशी म्हनलो होतो. म्हनलो होतो का नाही, गयास?"

गयासुद्दीननं कॉलर सारखी केली. पायरीवर बाई फोनमध्ये म्हणत होत्या, आयतवारी येजो, पहिल्या गाडीनं येजो.

"म्हनले होते, भाऊ," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला.