पाठकोरे दहा कोटी

देवमन तायड्यांकडे दहा कोटी होते आणि घरातली साखर तीन दिवसांपूर्वी संपली होती. दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या. अमरावतीच्या राजापेठेत शेजाऱ्यांना यातली साखरेची तेवढी पटायची. दहा कोटींचे सांगितले की माणसे हसून विषय बदलायची.

देवमनजी सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळत आणि घरी देशोदेशीच्या जुन्या नोटा. जपान्यांनी ब्रह्मदेशासाठी छापलेली, निजामाची उर्दू मजकुराची, इराणच्या शहाची, अशा तेवीस नोटा त्यांनी जमवल्या होत्या. त्यातली पट्टराणी म्हणजे जर्मनीतल्या कुठल्याशा नगरपालिकेने १९२३ साली छापलेली दहा कोटी मार्कांची नोट. एकावर आठ शून्ये. अकोल्याच्या एका बुकबाइंडरला नवीकोरी छत्री देऊन त्यांनी ती मिळवली होती आणि तो अख्खा पावसाळा भिजत काढला होता. तिकडे तेव्हा महागाई अशी भडकली होती म्हणे, की नोटेची दुसरी बाजू छापायलाही कोणाला सवड नव्हती. म्हणून तिची पाठ कोरी. हे सगळे ते आल्यागेल्याला सांगत. पाहुणा चहा प्यायला तरी सांगत आणि नाही प्यायला तरी सांगत.

"दहा कोटीत कोथिंबिरीची जुडी येते का?" एवढेच त्यांच्या बायकोचे, इंदूबाईंचे, विचारणे असे. तिला काय कळते, असे देवमनजी मनात म्हणत.

त्यांचे आणखी एक वेड होते, आणि घात त्यानेच केला. घरात पाठकोरा कागद वाया गेलेला त्यांना खपत नसे. एका बाजूने छापलेला कागद दिसला की दुसऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलेच पाहिजे. "कागद टाकणं म्हंजे भाकर टाकणं," असे ते रोज सांगत. लग्नाला बारा वर्षे झाली, इंदूबाईंच्या हाडीमांसी हे खिळले होते.

तर बासष्ट सालच्या एका रविवारी सकाळी देवमनजींनी कसर लागू नये म्हणून नोटा बाजेवर हवेशीर पसरल्या आणि ते आंघोळीला गेले. तेवढ्यात त्यांचा मावसभाऊ सूर्यभान धावतपळत आला. देवमनजींची बहीण सत्यवती नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होती. तिच्यासाठी अकोल्याचे स्थळ चालले होते. मुलगा तारखात्यात, बाप जठारपेठेतले श्रावणगुरुजी. पत्रिकाबित्रिकांचा प्रकार छप्पन सालच्या धर्मांतराबरोबरच संपला होता. गुरुजींनी फक्त मुलीची माहिती साध्या कागदावर मागितली होती. ती पोचवायला निघालेल्या सूर्यभानची गाडी वीस मिनिटांत सुटणार होती.

वडील गेल्यावर सत्यवतीला देवमनजींनीच वाढवले होते. दोन स्थळे येऊन मोडली होती, त्यामुळे हे तिसरे हातचे जाऊ नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. इंदूबाईंनाही ते ठाऊक होते. त्यांनी बाजेवरून हाताला लागला तो पाठकोरा कागद उचलला, माहिती लिहिली, चार घड्या घातल्या आणि तो सूर्यभानच्या खिशात घातला.

देवमनजी टॉवेल गुंडाळून आले आणि त्यांनी नोटा मोजल्या. बावीस. परत मोजल्या. बावीसच.

"थे गेली अकोल्याले," इंदूबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "सत्याची माहिती लिवून देली तिच्यावर. कॉपिंग पेन्सिलीनं लिवली, पुसत नाही."

देवमनजींनी उरलेल्या बावीस नोटा गोळा केल्या. आता बायकोला बोलावे तर काय बोलावे? शिकवण त्यांचीच होती. आणि कॉपिंग पेन्सिल पुसत नाही हे खरे. पण पाण्याचा थेंब लागला तर जांभळी होऊन अशी पसरते, की आरपार जाते.

ते सदरा-धोतर चढवून ओल्या केसांनीच स्टेशनवर पळाले. गाडी गेलेली. पुढच्या गाडीने बडनेरा गाठले, तिथून पॅसेंजर पकडली. मूर्तिजापूरला ती पाऊण तास थांबली, कारण काय ते गार्डलाही माहीत नव्हते. देवमनजींनी तेवढ्यात चार चहा घेतले आणि एकाचीही चव त्यांना कळली नाही.

जठारपेठेत पोहोचले तो श्रावणगुरुजींच्या दारात पन्नासेक माणसे. सूर्यभान कोपऱ्यात, चपला हातात घेऊन उभा. झाले होते असे, की त्याने घडी केलेला कागद गुरुजींच्या हाती दिला आणि तो पाय धुवायला मोरीवर गेला. गुरुजींनी घडी उघडली तर समोर आठ शून्ये. आता गुरुजी म्हणजे हुंडाविरोधी मंडळाचे अध्यक्ष. परवाच त्यांनी या विषयावर पावणेदोन तास भाषण ठोकले होते. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागची बाजू त्यांनी पाहिली नाही, सूर्यभानचे ऐकलेही नाही. कणकेची खळ करवली आणि समोरच्या बुद्धविहाराच्या बाहेरच्या फळ्यावर ती नोट चारी कोपऱ्यांना चिकटवून खाली खडूने लिहिले, 'हुंडा देऊ करणाऱ्यांचा जाहीर निषेध.'

खळ म्हटल्यावर ओल आली आणि ओल लागली की पेन्सिल पसरणार, हे देवमनजींना कळले. तरी ते हात जोडून पुढे झाले. "जय भीम, गुरुजी. मी मुलीचा भाऊ. थो हुंडा नाही."

"मंग दहा कोटी काय मले शाळेचे खडू आणाले धाडले?"

माणसे देवमनजींकडे पाहू लागली. जी नोट अमूल्य आहे असे त्यांनी अमरावतीला सात वर्षे सांगितले, तिच्याबद्दल आता चारचौघांत उलटे बोलायचे होते. सत्यवतीचा चेहरा डोळ्यांपुढे आला तेव्हा कुठे शब्द फुटले.

"गुरुजी, तिची किंमत काहीच नाही. कोथिंबिरीची जुडीबी येत नाही तिच्यात."

गुरुजी दुप्पट भडकले. "म्हंजे हुंडा देता, अन् थोबी खोटा देता?"

गर्दीतून कोणीतरी म्हणाले की हे तर त्याहून वाईट. सूर्यभानने चपला पायात घातल्या. गुरुजी नकार द्यायला तोंड उघडणार, हे देवमनजींना दिसले. नोटेच्या पाठीवर सगळा पुरावा होता. तो काढायचा तर नोट भिजवावी लागणार आणि भिजली की ती गेली. त्यांनी डोळे मिटले, छत्रीविना काढलेला तो पावसाळा आठवला आणि म्हणाले, "पाणी आना कोणीतरी."

पाणी आले. त्यांनी स्वतःच्या हाताने, लेकराचे तोंड पुसावे तशी, नोट भिजवून फळ्यावरून सोडवली. जांभळा रंग आठांतल्या पाच शून्यांवर चढला. डोळ्यांतले पाणी त्यांनी बाहीने पुसले आणि कागद उलटा करून गुरुजींपुढे धरला.

अक्षरे पसरली होती, तरी गुरुजींनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. नाव सत्यवती, शिक्षण मॅट्रिक आणि ट्रेनिंग, उंची पाच फूट, पुरण सोडून सगळा स्वयंपाक येतो. शेवटी लिहिले होते: "भाऊ सोभावाने चांगला आहे. जुन्या नोटा जमवतो, त्या कुठंच चालत नाहीत. बाकी घरात येडं कोणी नाही."

आधी गुरुजींचे पोट हलले, मग मिशा. मग सगळी गल्लीच हसत सुटली. "इतकं खरं लिवनारं घर मले तीस वर्षांत भेटलं नाही," ते म्हणाले आणि लग्न तिथल्या तिथे ठरले. देवमनजींनी हळूच कागदासाठी हात पुढे केला. गुरुजींनी तो खिशात घातला. मुलीची माहिती मुलाकडच्यांनीच ठेवायची असते, म्हणाले.

लग्न वैशाखात झाले. गुरुजींनी तो कागद काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगला. माहिती पुढे, दहा कोटी भिंतीकडे तोंड करून.

तेव्हापासून देवमनजी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकोल्याला जाऊ लागले. जठारपेठेतल्या बायका आपापल्या भावांना सुनवू लागल्या, की भाऊ असावा तर असा. दिवाणखान्यात कोणी नसले की हा भाऊ चौकट उलटून पाच मिनिटे उभा राहायचा आणि पावले वाजली की परत पालटून ठेवायचा.

एका रविवारी गाडी तीन तास उशिरा आली. देवमनजी दिवाणखान्यात शिरले तर चौकट आधीच उलटलेली, काचही पुसलेली. समोरच पाट मांडला होता.

"मामंजी दुपारीच बाहीर गेले," सत्यवती ताट ठेवत म्हणाली. "बस दादा. आज पाहत पाहत जेव."